शिमग्याच्या आदल्या रात्री सात गोल

एक-शून्याने जिंकलेल्या सामन्यात आनंद थोडा आणि सुटका फार असते, हे फुटबॉलच्या कोणत्याही चाहत्याला ठाऊक आहे. ऐंशीव्या मिनिटानंतर तो चेंडूकडे कमी आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जास्त पाहू लागतो. आपल्याच बचावफळीतल्या प्रत्येकाचा त्याला संशय येतो. वाढीव वेळ किती मिनिटांचा याचा फलक वर झाला की पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो आणि शेवटची शिट्टी वाजल्यावर त्याच्या तोंडून जयघोषाऐवजी एक लांबलचक सुस्कारा बाहेर पडतो. चषक जिंकतानाही बहुधा असेच होते. अंतिम सामना म्हणजे दोन-अडीच तासांची धास्ती, आणि तिच्या शेवटी हाती लागलेला आनंद इतका दमलेला असतो की त्याची चव दुसऱ्या दिवशीच कळते. म्हणूनच ५ मार्च २०२३ रोजी लिव्हरपूलने आपल्या ॲनफिल्ड मैदानावर मँचेस्टर युनायटेडला ७-० असे धुतले, तेव्हा मला जे वाटले त्याला माझ्या आजवरच्या चाहतेपणात जोड नव्हती. उत्तरार्धाचा फार मोठा भाग मी न घाबरता पाहिला.

तो रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी होळी होती. सामना आपल्याकडे रात्री दहाला सुरू होणार होता. खाली सोसायटीच्या आवारात पोरांनी फांद्या आणि गोवऱ्या आदल्या रात्रीच रचून ठेवल्या होत्या व त्यांच्यातली एकदोन उतावीळ मंडळी बोंब मारण्याची रंगीत तालीमही करीत होती. माझ्या मनात मात्र शिमगा वेगळ्या अर्थाने चालला होता, कारण त्या हंगामात लिव्हरपूलची अवस्था बघवत नव्हती. जानेवारीत ब्रायटनने आणि फेब्रुवारीच्या आरंभी वुल्व्ह्जने आम्हाला प्रत्येकी ३-० असे हरवले होते. २१ फेब्रुवारीला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत रेआल माद्रिदने खुद्द ॲनफिल्डवर, आम्ही दोन गोलांनी पुढे असताना, पाच गोल चढवून आम्हाला लोळवले होते. याउलट युनायटेडने त्याच आठवड्यात बार्सिलोनाला युरोपा लीगमधून बाहेर काढले होते आणि २६ फेब्रुवारीला लीग कप जिंकून सहा वर्षांचा चषकांचा दुष्काळ संपवला होता. नवे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांनी संघाला शिस्त लावली, असे जो तो म्हणत होता. माझा युनायटेडवाला मित्र तर आठवडाभर इतक्या समंजस स्वरात बोलत होता की त्याची चीड यावी. चाहता शिव्या देतो तोवर ठीक असते. तो सहानुभूती दाखवू लागला की समजावे, आपले दिवस वाईट आहेत.

पूर्वार्धातही असे काही घडले नाही की पुढचे कळावे. युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसचा एक हेडर गोलच्या खांबाजवळून बाहेर गेला, कासेमिरोने डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला पण तो ऑफसाइड ठरला, आणि सामना कोणाच्याही बाजूने झुकू शकेल अशा स्थितीत रेंगाळत राहिला. त्रेचाळिसाव्या मिनिटाला आमच्या अँडी रॉबर्टसनने डावीकडून बचावपटूंच्या मधून एक तिरका पास सरकवला, कोडी खाक्पोने तो घेऊन आत वळण घेतले आणि उजव्या पायाने चेंडू दूरच्या कोपऱ्यात ठेवला. मध्यंतराला १-०. मी उठून पाणी प्यायलो आणि नेहमीच्या सवयीने, आता बरोबरी कशी होणार याचे तीन-चार मार्ग मनात आखून पुन्हा येऊन बसलो.

त्यानंतर जे झाले त्याचा वेग आजही अंगावर येतो. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला हार्वे एलियटच्या क्रॉसवर डार्विन नुनियेझने डोके लावले आणि दुसरा गोल झाला. पन्नासाव्या मिनिटाला तिसरा. हा तिसरा गोल मी नंतर कितीदा पाहिला असेल कोण जाणे. उजव्या बाजूने मोहम्मद सालाह चेंडू घेऊन सुटला, समोर युनायटेडचा लिसांद्रो मार्टिनेझ. तोच मार्टिनेझ, ज्याच्या कडव्या बचावाचे गोडवे हंगामभर आम्हाला ऐकवले गेले होते. सालाहने एक झुकांडी दिली, मार्टिनेझ एका बाजूला वळला आणि सालाह दुसऱ्या बाजूला; वळता वळता मार्टिनेझचा तोल गेला. मग सालाहने चेंडू खाक्पोला दिला आणि खाक्पोने अगदी अरुंद कोनातून, पुढे सरसावलेल्या गोलरक्षक दाविद दे हेयाच्या अंगावरून तो हलकेच उचलला. जोर लावून मारलेला गोल पाहताना आपण ओरडतो. हा गोल पाहून मी ओरडलो नाही, हसलो. घरचे झोपलेले असल्यामुळे उशीत तोंड खुपसून हसलो, पण हसलो.

सहासष्टाव्या मिनिटाला सालाहचा जबर फटका आडव्या दांडीच्या खालच्या बाजूला लागून आत गेला, तो चौथा. माझ्या मते आनंदाची जात इथे बदलली. तिसऱ्या गोलापर्यंत आपण आपला संघ जिंकतो आहे म्हणून खूश असतो. चौथ्यानंतर जिंकणे-हरणे मागे पडते आणि केवळ खेळ शिल्लक राहतो. शाळेत वार्षिक परीक्षा संपल्यावर सुट्टी लागेपर्यंतचे जे चार दिवस आम्ही नुसतेच वर्गात जाऊन बसत असू, कोणी काही विचारणार नाही याची खात्री असलेले, तशी ती पंचवीस मिनिटे होती. जॉर्डन हेंडरसन किती सुंदर क्रॉस टाकतो हे मी त्या रात्री प्रथमच नीट पाहिले, कारण एरवी त्याच्या क्रॉसच्या वेळी माझे लक्ष मागे उघड्या पडलेल्या बचावाकडे असते. त्याच क्रॉसवर पंचाहत्तराव्या मिनिटाला नुनियेझचा हेडर, पाचवा. त्र्याऐंशीव्या मिनिटाला गोलसमोरच्या गोंधळात सुटलेला चेंडू सालाहने आत ढकलला, सहावा; आणि हा गोल त्याचा लिव्हरपूलसाठी प्रीमियर लीगमधला १२९ वा असल्याने रॉबी फाउलरचा १२८ गोलांचा विक्रम मोडला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, बदली खेळाडू म्हणून आलेल्या रॉबर्टो फिर्मिनोने सातवा गोल केला. दोनच दिवसांपूर्वी, हंगाम संपल्यावर तो क्लब सोडणार असल्याची बातमी आली होती. त्या गोलानंतर सगळे स्टेडियम त्याच्या नावाचे गाणे गात होते आणि एक महाभाग प्रेक्षक तर मैदानात धावत येऊन घसरला आणि रॉबर्टसनच्या पायावर जाऊन आदळला. नशिबाने दुखापत झाली नाही. आनंदाला अक्कल नसते म्हणतात, ती अशी.

हाच आनंद दुसऱ्या कोणाला हरवून मिळाला असता का, हा प्रश्न मी स्वतःला नंतर विचारला आणि उत्तर त्याच हंगामात तयार होते. २७ ऑगस्ट २०२२ रोजी लिव्हरपूलने बोर्नमथला ९-० असे हरवले होते. दोन गोल जास्तच. तो सामनाही मी पाहिला होता, आणि पाचव्या गोलानंतर मी फोनवर विजेचे बिल भरले होते. बोर्नमथने माझे काय घोडे मारले होते? गोलांचा आकडा मोठा असला की विक्रम होतो. आनंद होण्यासाठी समोर असा कोणीतरी लागतो ज्याने आपल्याला वर्षानुवर्षे छळले आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींचे सामने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि छळ म्हणाल तर तो भरपूर होता. १९९० साली लिव्हरपूलने इंग्लिश लीगचे अठरावे विजेतेपद मिळवले तेव्हा युनायटेडच्या नावावर सात होती. पुढची तेवीस वर्षे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी त्यांचा संघ असा काही चालवला की २०११ मध्ये ते एकोणीसवर पोहोचले, २०१३ मध्ये वीसवर, आणि आम्ही तिथेच अठरावर थांबलेलो. लिव्हरपूलला त्याच्या उंच दांडीवरून खाली पाडणे हेच आपले सर्वांत मोठे आव्हान होते, असे फर्ग्युसन उघड बोलले होते आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी करून दाखवले होते. माझ्या पिढीचे मराठी चाहते केबलवर इंग्लिश फुटबॉल पाहू लागले तो काळ नेमका हाच. वर्गात दहा जणांना फुटबॉल आवडत असेल तर त्यांतले सात युनायटेडचे असत. मी लिव्हरपूलकडे वळलो तो मे २००५ मधल्या इस्तंबूलच्या अंतिम सामन्यामुळे, जिथे मध्यंतराला मिलानविरुद्ध ०-३ असलेल्या संघाने सहा मिनिटांत बरोबरी साधली आणि पेनल्टींवर चषक नेला. त्या रात्री केलेल्या निवडीची किंमत मला पुढे पंधरा वर्षे वर्गमित्रांकडून, मग सहकाऱ्यांकडून चुकवावी लागली. २०२० मध्ये एकोणिसावे विजेतेपद आले तेव्हा स्टेडियम रिकामे होते आणि आम्ही सगळे घरात कोंडलेले होतो. त्या आनंदाचीही धड मिरवणूक निघाली नाही.

बरे, युनायटेडला त्याआधीही आम्ही मोठ्या फरकाने हरवले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ५-०, सालाहचे तीन गोल, मध्यंतरालाच ४-०. पुढच्या एप्रिलमध्ये ॲनफिल्डवर ४-०. पण तेव्हाचा युनायटेड आधीच खचलेला होता, आणि पडलेल्याला ढकलण्यात कसला पुरुषार्थ? मार्च २०२३ चा युनायटेड गुणतक्त्यात आमच्या वर होता, ताजा चषक घेऊन आला होता. ७-० ची गोडी या उंचीत आहे. प्रतिस्पर्धी मोठा असेल तरच त्याचा पराभव मोठा ठरतो, त्यामुळे सच्च्या चाहत्याने मनातल्या मनात, कोणाला न सांगता, युनायटेडला बरे दिवस चिंतावेत अशा मताचा मी झालो आहे. अर्थात आमच्याविरुद्धच्या सामन्यांचे दिवस सोडून.

आकड्यांचाही थोडा मान राखला पाहिजे. युनायटेडचा इतका मोठा पराभव त्याआधी डिसेंबर १९३१ मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध झाला होता, म्हणजे ९१ वर्षांपूर्वी. आणि लिव्हरपूलने या संघाविरुद्ध मिळवलेला याआधीचा सर्वांत मोठा विजय ऑक्टोबर १८९५ मधला, ७-१ असा. तेव्हा मँचेस्टर युनायटेड हे नाव जन्मालाही आले नव्हते, तो संघ न्यूटन हीथ म्हणून ओळखला जाई आणि दोघेही दुसऱ्या श्रेणीत खेळत. या दोन संघांची पहिली गाठ त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १८९४ मध्ये, पडली होती. वरच्या श्रेणीत कोणी राहायचे हे ठरवणाऱ्या त्या सामन्यात लिव्हरपूल २-० असे जिंकले आणि न्यूटन हीथची खाली रवानगी झाली. योगायोग असा की तेच १८९४ साल मँचेस्टर शिप कॅनॉलचे. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरे आणि १८३० पासून दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेने आत जाई. बंदराचा कर आणि रेल्वेचे भाडे यांनी पिचलेल्या मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी शेवटी सुमारे ५८ किलोमीटर लांबीचा कालवा खणून समुद्रातली जहाजे थेट आपल्या दारात आणली. लिव्हरपूलच्या पोटावर पाय आला. दोन शहरांतले वैर तिथून धारदार झाले, असे सांगतात. युनायटेडच्या बोधचिन्हावरचे जहाज याच कालव्याची खूण आहे असेही हौसेने सांगितले जाते, पण ते तितकेसे खरे नव्हे. मँचेस्टर शहराच्या मानचिन्हात जहाज १८४२ पासून आहे, म्हणजे कालव्याच्या अर्धशतकाआधीपासून.

होळीच्या सकाळी मी हे सगळे चहाबरोबर वडिलांना ऐकवत होतो. फुटबॉलमध्ये त्यांना काडीचाही रस नाही. आमचे मूळ गाव अकोल्याकडचे, काळ्या मातीचे. ते शांतपणे ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "लिव्हरपूल म्हणजे तेच ना रे, जिथं आपल्याकडचा कापूस जायचा?" तेच. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायरमधल्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो मुंबईहून जहाजाने लिव्हरपूलला जाई, तिथल्या दलालांच्या हातून मँचेस्टरकडे. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसाला तिकडच्या बाजारात 'ऊमरा' म्हणत. मुंबईत त्या पैशावर शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटलाही. "म्हणजे दोघांनीही आपल्याच कापसावर पैसे केले," वडील म्हणाले, "आणि तू त्यांतल्या एकासाठी रात्रभर जागतोस." यावर मला काही उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या सकाळी उत्तर शोधण्याची इच्छाही नव्हती.

मित्राची गोष्ट राहिलीच. दुसऱ्या गोलानंतर मी त्याला काही पाठवले नाही; तिसऱ्यानंतरही संयम पाळला, कारण बोलून बसावे आणि सामना फिरावा हा अपशकुन मी इतक्यांदा भोगला आहे की आता त्याला नियमच मानतो. चौथ्या गोलानंतर मी फक्त "झोपलास का रे?" एवढे विचारले. उत्तर नाही. पाचव्यानंतर हात जोडलेले चिन्ह पाठवले. सहाव्यानंतर त्याच्याकडून एकच ओळ आली: "फोन करू नकोस." सातव्यानंतर मी फोन केला. त्याने उचलला, हे त्याचे मोठेपण. पलीकडून कितीतरी वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता आणि त्या आवाजात ॲनफिल्डचे गाणे होते. म्हणजे पठ्ठ्याने सामना बंद केला नव्हता, शेवटपर्यंत पाहिला होता. धुळवडीला तो घरी आला, तेव्हा मी मुद्दाम निव्वळ लाल गुलाल आणून ठेवला होता. त्याने गाल पुढे केला आणि म्हणाला, "लाव, लाव. लाल आमचाही आहे." मी खजील होण्याऐवजी आणखी एक मूठ घेतली.

हा आनंद उदात्त नाही, हे मला मान्य आहे. त्यात दुसऱ्याची फजिती हाच मुख्य जिन्नस आहे, आणि शिमग्याला बोंब मारण्याची जी परवानगी आपल्याकडे आहे तीच परवानगी फुटबॉलचा चाहता वर्षभर स्वतःला देत असतो. पण तिला एक हद्द आहे आणि ती या दोन क्लबांच्या बाबतीत फार खरी आहे. १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यांत युनायटेडचे आठ तरुण खेळाडू होते. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. दोन्हीकडचे काही लोक या मृत्यूंवरून एकमेकांना डिवचणाऱ्या घोषणा देत आले आहेत. ७-० च्या त्या सामन्याच्या आदल्या दिवशी टेन हाग आणि लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गेन क्लोप यांनी मिळून, हे थांबवा, असे आवाहन केले होते. सात गोल मोजून दाखवावेत, मार्टिनेझच्या तोल जाण्याची नक्कल करावी, टेन हाग यांनी आपल्याच संघाच्या खेळाला अव्यावसायिक ठरवले ते पुन्हापुन्हा वाचून दाखवावे. त्यापलीकडे जाणाऱ्याला मी आपल्यातला मानत नाही, मग त्याने कोणताही लाल शर्ट घातलेला असो.

त्या विजयाचा उपयोग किती झाला, याचा हिशोब चटकन आटोपतो. पुढच्याच सामन्यात, ११ मार्चला, ज्यांना आम्ही नऊ गोल मारले होते त्या बोर्नमथने आम्हाला १-० असे हरवले. सालाहने त्यात पेनल्टी बाहेर मारली. हंगामाअखेर युनायटेड तिसरे आणि आम्ही पाचवे, म्हणजे चॅम्पियन्स लीगबाहेर. सात गोलांचे गुण तीनच मिळतात. मित्राने गुणतक्त्याचे चित्र पाठवले, त्यावर मी सामन्याचा गोलफलक पाठवला, आणि हा व्यवहार काही महिने चालला.

मग १७ मार्च २०२४ उजाडला. ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कपची उपउपांत्य फेरी, क्लोप यांचा लिव्हरपूलमधला शेवटचा हंगाम. सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत आम्ही २-१ पुढे होतो, ज्यादा वेळेत एलियटच्या गोलाने पुन्हा ३-२ पुढे गेलो, रॅशफर्डने बरोबरी केली आणि १२१ व्या मिनिटाला आमाद दियालोने युनायटेडचा चौथा गोल केला. मी टीव्ही बंद करायच्या आत फोन वाजला. उचलणे भागच होते. त्याने तो गोल मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वर्णन करून सांगितला, जणू मी तो पाहिलाच नव्हता. मधे एकदा पाणी पिण्यासाठी थांबला आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगितला. मी सगळे ऐकून घेतले. शेवटी त्याने विचारले, "काय, फिटलं का आता?" मी त्याला म्हटले, "चारातून तीन गेले, राहिला एक. तुझी अजून सहा गोलांची बाकी आहे."